शकशुका: मूळ घर ट्युनिस-त्रिपोलीकडचं

शकशुका आज जगभर ‘इस्रायली नाश्ता’ म्हणून खपते. हे अर्धसत्य आहे. टोमॅटोच्या झणझणीत रश्श्यात अंडी फोडून शिजवायची ही रीत उत्तर आफ्रिकेची. ट्युनिशिया, लिबिया, अल्जीरिया या पट्ट्यातली.

ती फार जुनीही असू शकत नाही. टोमॅटो आणि मिरची, दोन्ही अमेरिकेतून आलेली. 1521मध्ये स्पॅनिशांनी मेक्सिकोतली आझ्टेक राजधानी जिंकली, त्यानंतर टोमॅटो भूमध्य समुद्राकाठी पोचला, आणि तो तिथल्या स्वयंपाकघरात रुळायला पुढेही बराच काळ गेला. तेव्हा कुणी हजारो वर्षांच्या परंपरेच्या गप्पा मारल्या तर खुशाल सोडून द्याव्यात. तुर्कस्तानात याच नावाचा पदार्थ म्हणजे तळलेल्या वांग्यांवर टोमॅटोचा रस. त्यात अंडं औषधालाही नसतं! अंड्यांसाठी त्यांचं मेनेमेन वेगळं.

ट्युनिशियात ऑलिव्ह तेलात कांदा आणि भोपळी मिरची परततात, मग हरिसा घालतात. हरिसा म्हणजे सुक्या लाल मिरच्या, लसूण, धणे आणि शहाजिरं वाटून केलेली चटणी. खरा जीव तिच्यातच. टोमॅटो आटून तेल सुटलं की डावाने खळगे करायचे, एकेका खळग्यात एकेक अंडं सोडायचं आणि झाकण ठेवायचं. पांढरं थिजलं पाहिजे, बलक ओला राहिला पाहिजे. लिबियात यातच खारवून वाळवलेलं मांस घालतात.

1948नंतर दोन दशकांत माघरेबमधले, म्हणजे उत्तर आफ्रिकेच्या याच पट्ट्यातले, ज्यू मोठ्या संख्येने इस्रायलला गेले आणि हा पदार्थही त्यांच्यासोबत गेला. तिथे 1949 ते 1959 रेशनिंग होतं, मांस दुर्मीळ. पावासोबत पोट भरणारं, स्वस्त असं हे खाणं आधी स्थलांतरितांच्या घरात आणि कामगारांच्या खानावळीत राहिलं. हॉटेलांच्या मेनूकार्डावर त्याला मान मिळाला तो फार नंतर. तेल अवीवला लागून असलेल्या याफामधलं ‘डॉक्टर शकशुका’ हे नावाजलेलं उपाहारगृहही लिबियातल्या त्रिपोलीहून आलेल्या कुटुंबाचंच. म्हणून श्रेय द्यायचं तर आधी ट्युनिस-त्रिपोलीला द्यावं.

त्याच काळात आपल्या कोकणातले बेने इस्रायली ज्यूही तिकडे गेले. वाळवंटातल्या दिमोना गावात मोरोक्कोचे ज्यू आणि मराठी बोलणारे ज्यू शेजारी झाले.

मुंबईच्या पारशांचं ‘टमाटा पर ईडू’ पाहून शकशुका आठवतेच, पण तिथे हरिसा नाही; हिरवी मिरची, आलं-लसूण आणि कोथिंबीर.