बायआउट (आइस हॉकी)

उत्तर अमेरिकेतील नॅशनल हॉकी लीगमध्ये खेळाडूचा करार मुदतीआधी, उरलेल्या पगाराचा काही भाग देऊन संपवण्याची पद्धत. २००४-०५ चा अख्खा हंगाम टाळेबंदीत बुडाल्यावर लीगने प्रत्येक संघाच्या वेतनखर्चाला कमाल मर्यादा घातली. तिला सॅलरी कॅप म्हणतात. तेव्हापासून मालकाची तिजोरी कितीही भरलेली असली तरी संघाला हात आखडता घ्यावा लागतो. पाय मंदावलेल्या पण भारी पगाराच्या अनुभवी खेळाडूला ठेवायचे की मोकळे करायचे, हा वाद म्हणूनच हंगाम संपताच, जूनमध्ये पेटतो.

खेळाडू २६ वर्षांचा किंवा मोठा असेल तर उरलेल्या पगाराचे दोन तृतीयांश द्यावे लागतात, लहान असेल तर एक तृतीयांश. ही रक्कम उरलेल्या मुदतीच्या दुप्पट वर्षांत हप्त्यांनी फिटते. साइनिंग बोनस, म्हणजे करार करताना पगाराव्यतिरिक्त कबूल केलेली रक्कम, मात्र पूर्ण द्यावा लागतो. समजा, तीन वर्षे उरली आहेत आणि पगार वर्षाला ६० लाख डॉलर आहे. मग १ कोटी ८० लाखांऐवजी १ कोटी २० लाख द्यायचे, सहा वर्षे २०-२० लाख. पहिली तीन वर्षे कॅपमध्ये ४०-४० लाखांची जागा मोकळी होते. पुढची तीन वर्षे मात्र जो माणूस संघातच नाही, त्याच्या नावावर २०-२० लाख अडकून पडतात. खरा वाद या मागच्या तीन वर्षांवर व्हायला हवा. चाहते बहुधा गेल्या हंगामात त्याने किती गोल केले यावरच भांडत बसतात.

मिनेसोटा वाइल्डचे उदाहरण याबाबतीत फार शिकवणारे आहे. ४ जुलै २०१२ रोजी या संघाने झॅक परीसे आणि रायन सूटर यांच्याशी प्रत्येकी १३ वर्षांचा, ९.८ कोटी डॉलरचा करार केला. परीसे तर घरचाच. त्याचे वडील जे. पी. परीसे जुन्या मिनेसोटा नॉर्थ स्टार्सकडून खेळलेले. १३ जुलै २०२१ रोजी व्यवस्थापक बिल गेरिन यांनी दोघांनाही एकाच दिवशी बायआउट दिले. करारात पगाराचा मोठा भाग सुरुवातीच्या वर्षांत होता. त्यामुळे शेवटच्या चार वर्षांत प्रत्येकाला ६०, २०, १० आणि १० लाख एवढेच मिळायचे होते, पण कॅपमध्ये दरवर्षी सरासरीचे ७५.३८ लाख धरले जात. कराराच्या शेवटच्या वर्षी १० लाखांचा पगार वाचला, ८.३३ लाखांचा हप्ता लागला. कॅपमधली सुटका या फरकाएवढीच, म्हणजे जेमतेम १.६७ लाखांची. २०२३-२४ मध्ये ८.३५ कोटींच्या मर्यादेतले १.४७ कोटी या दोघांपायी गेले, एक षष्ठांशाहूनही जास्त. त्याची झळ आधीच बसली होती: ८५ गुण (गोल आणि गोलसाहाय्य मिळून) मिळवणाऱ्या केविन फियालाला जून २०२२ मध्ये लॉस एंजेलिसकडे सोडावे लागले.

तरीही गेरिन यांचा निर्णय अविचारी म्हणता येणार नाही. इतर संघांतले खेळाडू उचलणाऱ्या सिएटल क्रॅकन या नव्या संघासाठीच्या निवडीत आपल्याकडे कोण राखायचे याची यादी द्यायची होती. परीसे-सूटर यांच्या करारातील, संमतीशिवाय संघाबाहेर न हलवण्याच्या कलमामुळे त्यांना राखणे सक्तीचे होते; ते गेल्यावर आणखी दोघांसाठी जागा झाली.

मोकळा केलेला खेळाडू संपलेलाच असतो असेही नाही. व्हँकूव्हरने २०२३ मध्ये बायआउट दिलेला ऑलिव्हर एकमन-लार्सन पुढच्याच हंगामात फ्लॉरिडाकडून स्टॅनले कप, म्हणजे लीगचे विजेतेपद, जिंकला. सूटरला २०२४ मध्ये डॅलसनेही बायआउट दिले, तरी तो सेंट लुइसकडून खेळत राहिला. वाइल्डच्या खात्यावर त्याचे आणि परीसेचे हप्ते २०२८-२९ पर्यंत आहेत.