टोलवलेला चेंडू आणि घड्याळ (अमेरिकन फुटबॉलमधील पंचगिरी)

चेंडूला हाताने, मुठीने, कोपराने किंवा बाहूने मुद्दाम फटका देणे म्हणजे चेंडू टोलवणे. असा फटका कधी चालतो, कधी फाउल ठरतो आणि खेळ थांबल्यावर घड्याळ केव्हा चालू करायचे, या निवाड्यांवर अटीतटीच्या सामन्याचा निकाल फिरू शकतो. येथील विवेचन एनएफएल (नॅशनल फुटबॉल लीग) या अमेरिकेतील व्यावसायिक लीगच्या नियमांचे आहे. महाविद्यालयीन व शालेय नियम तपशिलात वेगळे आहेत.

पुढच्या दिशेने फेकलेला पास हवेतच खाली पाडणे हे बचावपटूंचे नेहमीचेच काम, त्यात गैर काही नाही. उलट बचावपटूचा हात लागताच तो पास झेलण्याचा हक्क आक्रमक संघातील सर्वांनाच मिळतो. जानेवारी २०१८ च्या प्लेऑफ (बाद फेरीच्या) सामन्यात कॅन्सस सिटी चीफ्सच्या डॅरेल रेव्हिसने अडवलेला स्वतःचाच पास टेनेसी टायटन्सचा क्वार्टरबॅक (पास फेकणारा मुख्य खेळाडू) मार्कस मारियोटा याने झेलला आणि टचडाउन केला, म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे नेऊन गुण मिळवले. तो पूर्णपणे वैध होता.

धावणाऱ्याच्या हातातल्या चेंडूवर प्रतिस्पर्ध्याने ठोसा मारलेलाही चालतो. चेंडू सुटला की मात्र चित्र बदलते. सुटा चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेकडे टोलवता येत नाही आणि एंड झोनमध्ये (गोलरेषेमागच्या पट्ट्यात) जमिनीला लागलेला सुटा चेंडू कोणत्याही दिशेला टोलवता येत नाही. दंड १० यार्डांचा. हे बंधन नसते तर चेंडू ताब्यात न घेताच त्याला पुढे ढकलत नेता आले असते. १० सप्टेंबर १९७८ रोजी सॅन डिएगोत ओकलंड रेडर्सनी जवळपास हेच केले. शेवटच्या १० सेकंदांत केन स्टेबलरच्या हातून सुटलेला चेंडू सहकाऱ्यांकरवी पुढे सरकत एंड झोनमध्ये गेला, डेव्ह कॅस्पर त्यावर पडला आणि रेडर्स २१-२० असे जिंकले. पुढच्याच वर्षी नियम झाला: चौथ्या डाउनवर (डाउन म्हणजे आक्रमक संघाला मिळणाऱ्या चार प्रयत्नांपैकी एक) व अखेरच्या दोन मिनिटांत चेंडू ज्याच्या हातून सुटला, त्याच्या संघातून फक्त तोच तो उचलून पुढे नेऊ शकतो.

खरी अडचण हेतू ओळखण्याची. ५ ऑक्टोबर २०१५ रोजी सिॲटलमध्ये सीहॉक्सविरुद्ध डेट्रॉइट लायन्स १३-१० असे मागे होते आणि दोन मिनिटांहून कमी वेळ उरला होता. लायन्सचा कॅल्विन जॉन्सन गोलरेषेच्या तोंडाशी पोहोचला असताना सीहॉक्सच्या कॅम चॅन्सलरने ठोसा मारून त्याच्या हातचा चेंडू उडवला. इथवर सारे वैध. चेंडू एंड झोनमध्ये घरंगळला आणि सीहॉक्सच्याच के. जे. राइटने तो हाताने मागच्या रेषेबाहेर घालवला. जवळच्या पंचाला ती कृती मुद्दाम केलेली वाटली नाही, म्हणून टचबॅक, म्हणजे चेंडू बचाव करणाऱ्या संघाला, असा निर्णय देऊन चेंडू सीहॉक्सकडे गेला. पंचांचे प्रमुख डीन ब्लँडिनो यांनी त्याच रात्री मान्य केले की हा फाउल होता आणि चेंडू गोलरेषेजवळ लायन्सकडेच राहायला हवा होता. त्या वेळच्या नियमांनुसार अशा निर्णयाची व्हिडिओ तपासणीही शक्य नव्हती. जवळ कोणी प्रतिस्पर्धी नसताना, उचलता येण्याजोगा चेंडू जो खेळाडू बाहेर ढकलतो, त्याचा हेतू त्या हालचालीतच दिसतो. अशा वेळी पंचाने कचरता कामा नये.

घड्याळाचा प्रश्न सुटतो तो आधीचा डाउन कसा संपला यावरून. टोलवलेला पास कोणी न झेलता जमिनीवर पडला तर घड्याळ थांबते आणि पुढच्या स्नॅपलाच (चेंडू मागे देऊन डाउन सुरू होतो त्या क्षणी) सुरू होते. फंबल झालेला (हातून सुटलेला) चेंडू सीमेबाहेर गेला तर मात्र चेंडू जागेवर ठेवून रेफरीने (मुख्य पंचाने) हात गोल फिरवताच घड्याळ चालू, स्नॅपची वाट पाहायची नाही. त्यामुळे चेंडू बाहेर घालवून वेळ वाचवता येत नाही. फाउलसाठी घड्याळ थांबले असेल तर सामान्यतः फाउल झालाच नाही असे धरून ते सुरू होते. पहिल्या अर्धातील शेवटची दोन आणि दुसऱ्या अर्धातील शेवटची पाच मिनिटे याला अपवाद आहेत: तेव्हा ते स्नॅपपर्यंत थांबते.

या अपवादाचा गैरफायदा घेऊ नये म्हणून अर्धाच्या अखेरीस आणखी एक तरतूद आहे. घड्याळ थांबावे यासाठी आक्रमक संघाने मुद्दाम फाउल केला, तर यार्डांच्या दंडाबरोबर १० सेकंदही कापले जातात आणि मग घड्याळ रेफरीच्या खुणेवर सुरू होते. शिल्लक असलेला टाइमआउट (संघाला मिळणारा ठरावीक विराम) खर्च करून संघ ही कपात टाळू शकतो. टाइमआउट नसेल आणि १० सेकंदांहून कमी वेळ उरला असेल, तर तो अर्ध तिथेच संपतो.