शिवणयंत्राचे घरगुती पुनरुज्जीवन

शिवणयंत्राचे घरगुती पुनरुज्जीवन : बंद पडलेले जुने शिवणयंत्र साध्या हत्यारांनी घरीच पुन्हा चालते करण्याचे काम. ओतीव लोखंडाचा सांगाडा आणि पोलादी भाग असलेली, साधारणपणे १९६० पूर्वीची यंत्रे याला सर्वांत योग्य ठरतात, कारण पुढील काळात आलेली प्लॅस्टिकची दंतचक्रे तडकली की बदलण्यावाचून गत्यंतर नसते. एलायस हौ यांनी १८४६ मध्ये आणि आयझॅक सिंगर यांनी १८५१ मध्ये अमेरिकेत पेटंट घेतलेल्या यंत्रांत वरचा दोरा खालच्या दोऱ्यात गुंतवून जसा टाका पडे, तसाच तो आजही पडतो. त्यामुळे जुन्या यंत्राची रचना समजण्यास अवघड जात नाही.

चाक फिरत नसले तरी यंत्र मोडले आहे असे समजू नये. बहुतेक वेळा वाळून घट्ट झालेल्या तेलाने सांधे धरलेले असतात, किंवा खालचा दोरा वाहणाऱ्या शटलच्या मागे दोऱ्याचा तुकडा गुंतलेला असतो. सुई, बॉबिन (खालच्या दोऱ्याची रिळी) व कापड सरकवणाऱ्या दात्यांवरची पट्टी काढून तेथे साचलेला कापसाचा गठ्ठा आधी उपसावा. मग तेलाच्या छिद्रांत आणि सांध्यांत रॉकेलचे थेंब सोडून ते काही तास मुरू द्यावे व चाक हलक्या हाताने मागेपुढे करावे. येथे जोर लावणे हीच सर्वांत महागात पडणारी चूक होय. सांधे मोकळे झाले की मळ पुसून शिवणयंत्राचे पातळ तेल घालावे. खाद्यतेल पुन्हा वाळून चिकटते. रॉकेल ज्वालाग्राही असल्याने हे काम हवेशीर जागी आणि ज्योतीपासून दूर करावे.

यंत्रणेपेक्षा तिच्यावरचा काळा मुलामा नाजूक असतो. सिंगरच्या अनेक जुन्या यंत्रांवर सोनेरी नक्षीच्या वर चपड्याचे, म्हणजे लाखेचे, पारदर्शक वार्निश असते व ते स्पिरिटने विरघळते. अमोनियायुक्त द्रावणानेही नक्षी बिघडू शकते. म्हणून शिवणयंत्राच्याच तेलात भिजवलेला मऊ कपडा वापरावा आणि तोही आधी न दिसणाऱ्या जागी वापरून पाहावा. नव्याने रंगवण्यापेक्षा झिजलेली मूळ नक्षी राखणे अधिक शहाणपणाचे, कारण एकदा खरवडलेली नक्षी पुन्हा जशीच्या तशी मिळत नाही.

पायाने चालणाऱ्या यंत्राची चामडी वादी आणि बॉबिन भरणीची रबरी कडी या वस्तू सहसा नव्याच घ्याव्या लागतात. विजेच्या यंत्रात तारांवरचे रबर ठिसूळ होऊन गळते. ते तपासल्याशिवाय प्लग लावणे धोक्याचे असते.

सुई बसवताना तिची लांब खाच दोरा जिकडून आत जातो त्या बाजूस असावी लागते. ती उलटी बसली तर टाका पडत नाही. चाचणीसाठी दुपदरी सुती कापडावर वर व खाली वेगवेगळ्या रंगांचे दोरे घ्यावेत. वरच्या दोऱ्याचे फासे कापडाखाली दिसले तर त्याचा ताण कमी आहे. ताण वाढवूनही ते राहिले, तर वरच्या दोऱ्याला ताण देणाऱ्या तबकड्यांमध्ये मळ अडकला आहे किंवा दोरा त्यांच्यात नीट बसलेला नाही का, हे पाहावे. बहुतेक यंत्रांत दाबपाय वर केल्यावरच तबकड्या सैल होतात, म्हणून दोरा त्याच स्थितीत ओवावा.