डॉक्टरसाहेबांना कोण विचारतं?

कपाशीवर फवारणी सुरू झाली की यवतमाळकडच्या आरोग्य केंद्रांतल्या रात्री लांबतात. २०१७च्या हंगामात या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने किती घरं उघडी पडली, ते आपण सगळ्यांनी पाहिलं. असा पेशंट आला की दर काही मिनिटांनी विषावरचा उतारा म्हणून ॲट्रोपिन द्यायचं आणि छातीतली घरघर थांबेपर्यंत त्याच्या उशाशी बसायचं. स्थिरावला तर १०८ बोलवायची. दगावला तर दारात उभ्या बायकोला सांगायला जायचं. सकाळी ओपीडीपुढे रांग लागलेलीच असते.

रात्रभर जागलेल्या मेंदूत नेमकं काय होतं, हे तपासलं गेलं आहे. भीती-संताप पेटवणारा अमिग्डाला हा भाग एका रात्रीच्या जागरणानंतर त्रासदायक दृश्यांना सुमारे ६०% जास्त प्रतिसाद देतो, आणि त्याला आवर घालणाऱ्या कपाळामागच्या भागाशी त्याचं नातं सैल होतं. म्हणून एरवी शांत असणारा डॉक्टर नातेवाइकांवर खेकसतो आणि मग दिवसभर मनातल्या मनात खंत करत बसतो.

थकवा वेगळा, नैराश्य वेगळं. थकलेला माणूस पोळ्याला चार दिवस घरी राहून ताजा होतो. नैराश्यात बैल सजले, पुरणपोळी झाली, तरी आत काही हलत नाही. झोप-भूक बिघडते, लक्ष लागत नाही, ‘मी कुचकामी आहे’ हा विचार सुटत नाही, कधी जगणंच नको वाटतं. अशी लक्षणं दोन आठवडे टिकली का, हे ‘पीएचक्यू-९’ या नऊ प्रश्नांच्या चाचणीत विचारतात. एकूण २७ पैकी १० किंवा जास्त गुण आले, तर नीट तपासणी हवी.

हीच चाचणी अमेरिकेत ७४० इंटर्न डॉक्टरांना दिली गेली. तो अभ्यास २०१०मध्ये प्रसिद्ध झाला. इंटर्नशिपआधी नैराश्याच्या निकषात बसणारे ३.९% होते, त्या वर्षभरात सरासरी २५.७% झाले. माणसं तीच होती, बदललं ते काम. ‘आजकालची पोरं नाजूक’ म्हणणाऱ्यांनी हे आकडे पुन्हा वाचावेत, असं मला मनापासून वाटतं.

मेळघाटात किंवा गडचिरोलीत बंधपत्रावर रुजू झालेल्या तरुण डॉक्टरची अडचण आणखी वेगळी. गावात डॉक्टर तोच. तालुक्याला मानसोपचारतज्ज्ञ असेलच असं नाही, आणि जिल्ह्याला जाऊन केसपेपर काढावा तर खिडकीवरचा माणूस ओळखीचा! मग तो कपाटातली झोपेची गोळी स्वतःच स्वतःला देतो. गोळीने डोळा लागतो, पण आजार तसाच राहतो, सवय मात्र जडू शकते. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचार गुप्त ठेवण्याचा हक्क डॉक्टरलाही दिला आहे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर रात्री-बेरात्री, फुकट, मराठीतून बोलता येतं. औषधं आणि समुपदेशन या दोन्हींनी बहुतेकांना उतार पडतो. डॉक्टर हे पेशंटला रोज सांगतो.

कधी एखादी म्हातारी गोळ्या पदरात बांधता बांधता थबकते. “सायेब, तोंड काहून उतरलं तुमचं? जेवले काय?” त्यावर “हो, जेवलो” म्हणून पुढचा पेशंट बोलवायची सवय आहे. एखाद्या दिवशी “नाही आजी, झोपच येत नाही” एवढं त्याच्या तोंडून निघालं, तर संध्याकाळी तो फोन लावायला हात उचलेल.