शॅटर म्हणजे मणीगळ, आणि दादाचं इंग्लिश

माझा चुलतभाऊ, म्हणजे दादा, पिंपळगाव बसवंतला द्राक्ष एक्सपोर्टचं पॅकहाऊस सांभाळतो. नाशकात कॉलेजरोडला दोनदा स्पोकन इंग्लिशचा क्लास लावला पठ्ठ्याने, टेन्सचे तक्ते तोंडपाठ, पण समोर कोणी इंग्लिश झाडायला लागलं की त त प प. तोच आता नेदरलँड्सच्या बायरशी फोनवर मणी किती एमएम, ब्रिक्स म्हणजे गोडी किती, पनेट म्हणजे प्लास्टिकचा छोटा डबा 500 ग्रॅमचा का, सगळं बोलतो. चुकतो, पण थांबत नाही.

क्लासमध्ये नडत होती ती भीती. चुकलो तर हसतील का याच्यातच डोकं गुंतलं की शब्द आठवायला जागा कुठे उरते? 1986 साली भाषा-संशोधक इलेन हॉरविट्झ आणि सहकाऱ्यांनी ही भीती मोजायला 33 वाक्यांची प्रश्नावलीच बनवली. पुढे 2017 मध्ये एक मजेशीर अभ्यास आला, नुकतंच डच शिकलेल्या 50 जर्मन लोकांपैकी काहींना थोडी दारू दिली, बाकीच्यांना पाणी, आणि मग डचमधून गप्पा मारायला लावल्या. कोण प्यायलंय हे माहीत नसलेल्या डच लोकांनी रेकॉर्डिंग ऐकून प्यायलेल्यांचे उच्चार चांगले ठरवले. गंमत म्हणजे प्यायलेल्यांना स्वतःला मात्र आपण भारी बोललो असं काही वाटलं नव्हतं. 2025 ला याला इग नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस. आपण वाइन कॅपिटलवाले म्हणून लगेच खूश होऊ नका, डोस अगदी थोडा होता, जास्त झाली तर मराठी पण लडखडते.

पण नुसती भीती जाऊन भागत नाही. कॅनडात शाळेचे विषयच फ्रेंचमधून शिकणारी इंग्रजी घरातली पोरं वर्षानुवर्षं फ्रेंच ऐकून ते छान समजायला लागली, बोलताना मात्र व्याकरणात अडखळायची. भाषा-संशोधक मेरिल स्वेन यांनी त्यावरून म्हटलं की स्वतः बोलायला गेल्यावरच आपल्याकडे काय नाही ते कळतं. दादाचं अगदी तसंच झालं. मणी गळतात हे कसं सांगायचं कळेना, म्हणून ‘ग्रेप्स फॉलिंग, फॉलिंग’ करत बसला, तर बायर म्हणाला, ‘शॅटर?’ झालं, तो शब्द डोक्यात पक्का बसला, कारण त्याच क्षणी त्याची गरज होती, आणि कंटेनर अडकला असता ते वेगळंच. त्या बायरचीही इंग्लिश काही मातृभाषा नाही, त्यामुळे दोघंही एकमेकांना बिनधास्त ‘सॉरी, अगेन?’ म्हणतात.

एप्रिलमध्ये सीझन संपला की फोन बंद. तेव्हा दादाची पोरगी बायर होते आणि इंग्लिशमधून भाव पाडून मागते.