खाज कातडीला, औषध जिभेला

रात्री घर शांत झालं की तो आवाज सुरू व्हायचा. चप्, चप्, चप्. आमची कुत्री चिंगी पुढचा उजवा पंजा तोंडाशी धरून चाटत बसायची. हाक मारली की थांबायची, दोन मिनिटांनी पुन्हा सुरू. तिचे पंजे मूळचे पांढरेशुभ्र. महिना-दीड महिन्यात बोटांमधली लव विटकरी तपकिरी झाली. मला वाटलं, बाहेरची माती असेल. पण धुऊनही रंग जाईना. कुत्र्याच्या लाळेत पॉर्फिरिन नावाची रंगद्रव्यं असतात, आणि एकाच जागी सतत लाळ लागत राहिली की फिकट केसांवर त्यांचा डाग धरतो. आपण झोपलेलो असताना कुत्रं किती चाटतं, हे त्या डागावरून कळतं.

कुत्र्याला अशी खाज सुटली की माणूस आधी घरातल्या वस्तूंकडेच वळतो. कोरफड, हळद, कडुनिंब, खोबरेल तेल, ओट्स. मीही वळले. त्यात गैर काही नाही, यांतल्या काही गोष्टींमागे चांगलं विज्ञान आहे. पण माणसाचा उपाय कुत्र्याला जसाच्या तसा चालत नाही, आणि त्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे त्याची जीभ. आपण हाताला लावलेला लेप हातावरच राहतो. कुत्र्याच्या अंगाला लावलेला लेप थोड्या वेळाने त्याच्या पोटात गेलेला असतो. त्यामुळे कुठलीही गोष्ट त्याच्या कातडीला लावण्याआधी मी एकच प्रश्न विचारते: हे मी याला चमच्याने पाजलं असतं का?

आधी खाज येते कशी, ते पाहू. त्वचेचा सगळ्यात वरचा थर भिंतीसारखा असतो. मृत पेशी या विटा, आणि त्यांच्यामधली सेरामाइडसारखी स्निग्ध द्रव्यं म्हणजे चुना. माणसाच्या मानाने कुत्र्याची बाह्यत्वचा बरीच पातळ असते. ज्या कुत्र्यांमध्ये ॲलर्जीची आनुवंशिक प्रवृत्ती असते, त्यांच्या भिंतीतला हा चुना अनेकदा कमी किंवा विस्कळीत असतो. मग धुळीतले सूक्ष्म माइट, परागकण, बुरशीचे कण या फटींतून आत शिरतात. रोगप्रतिकारक पेशी त्यांना शत्रू समजतात आणि संदेशवाहक रेणू सोडतात. त्यातला इंटरल्यूकिन-३१ हा रेणू थेट मज्जातंतूंना जाऊन भिडतो, आणि मेंदूला निरोप जातो, खाजव. खाजवलं की भिंतीचे आणखी पोपडे निघतात, फटी वाढतात, आणखी ॲलर्जीकारक कण आत जातात. या फेऱ्यात हिस्टामिनचा वाटा तुलनेने लहान असतो. म्हणूनच माणसाला सर्दीत गुण देणाऱ्या हिस्टामिनविरोधी गोळ्या कुत्र्याच्या खाजेवर बऱ्याचदा निष्प्रभ ठरतात.

हा आजार, म्हणजे ॲटोपिक डर्मटायटिस, बहुधा ६ महिने ते ३ वर्षांच्या वयात डोकं वर काढतो. पंजे, तोंडाभोवतीचा भाग, कान, काखा आणि पोटाखालचा भाग या त्याच्या ठरलेल्या जागा. मात्र कुत्रं शेपटीच्या मुळाशी आणि कमरेवर दातांनी कुरतडत असेल, तर आधी पिसवांचा संशय घ्यावा. पिसवांच्या लाळेचीच ॲलर्जी असलेल्या कुत्र्याला मोजके चावेसुद्धा पुरतात. अंगावर दिसणाऱ्या पिसवा एकूण पसाऱ्याचा छोटासा भाग असतात, बाकीची अंडी, अळ्या आणि कोष कुत्र्याच्या अंथरुणात नि फटींत दडलेले असतात. तिथे हात न घालता कातडीला कोरफड चोळत बसणं म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला. कानाच्या कडा आणि कोपरं सोलवटली असतील आणि घरातल्या माणसांनाही खाज सुटली असेल, तर ती खरूज असू शकते. तिला कुठलाही पाला पुरणार नाही. अन्नाच्या ॲलर्जीसाठी तर पशुवैद्याच्या देखरेखीखाली साधारण ८ आठवडे अगदी मोजकं, ठरवून दिलेलं खाणं द्यावं लागतं. रक्त तपासून तिचं खात्रीलायक निदान होत नाही.

घरगुती उपायांत माझा सगळ्यात जास्त विश्वास आंघोळीवर आहे. कोमट पाण्याची आंघोळ अंगावरचे ॲलर्जीकारक कण धुऊन काढते, आणि मूळ दुखणं तेच तर आहे. पाणी गरम नको, गरम पाण्याने खाज वाढते. माणसाचा शाम्पूही नको. आपल्या त्वचेचा सामू, म्हणजे आम्लतेचं माप, ५.५ च्या आसपास असतो, कुत्र्याचा उदासीनतेकडे झुकणारा. आपल्यासाठी बनवलेला शाम्पू त्याला कोरडं पाडू शकतो.

पाण्यात ओट्स घातले की ही आंघोळ आणखी गुणकारी होते. साधे, कुठलाही स्वाद किंवा गोडवा न घातलेले ओट्स कोरडेच मिक्सरमध्ये पिठासारखे बारीक करायचे. झाले की नाही हे पाहायला चमचाभर पीठ ग्लासभर पाण्यात टाकून ढवळावं. पाणी दुधासारखं पांढरं झालं आणि पीठ लगेच तळाशी बसलं नाही, तर जमलं. रवाळ राहिलं तर पुन्हा फिरवायचं, कारण सूक्ष्म कणच केसांतून कातडीपर्यंत पोचतात. ओट्समधलं बीटा-ग्लुकान ओलावा धरून ठेवतं आणि ॲव्हेनॅन्थ्रामाइड नावाची संयुगं दाह पेटवणारे पेशींतले संकेत मंद करतात. हे पाणी किमान १० मिनिटं अंगावर राहू द्यायचं. ती १० मिनिटं फार लांब वाटतात. मी चिंगीच्या कानामागे बोटं फिरवत, तिच्याशी बोलत बसते. नंतर साध्या पाण्याने धुऊन टॉवेलने टिपायचं, रगडायचं नाही, आणि बोटांच्या बेचक्या नीट कोरड्या करायच्या. ओल राहिली की तिथे यीस्ट नावाची बुरशी माजते. आणि यात तिने चार थेंब चाटले तरी जिवाला घोर नाही. ओट्सच तर आहेत.

दुसरा भरवशाचा उपाय पोटातूनच जातो: माशाच्या तेलातली ओमेगा-३ आम्लं. त्यांतलं ईपीए हे आम्ल पेशींच्या आवरणात शिरतं आणि तिथल्या ॲराकिडॉनिक आम्लाची जागा घेतं, त्यामुळे दाह वाढवणारी द्रव्यं कमी तयार होतात. पेशींची आवरणं हळूहळू बदलतात, म्हणून ८ ते १२ आठवडे धीर धरावा लागतो. पंधरा दिवसांत बाटली फडताळात ढकलणारे खूप जण मी पाहिले आहेत, आणि मला त्याची हळहळ वाटते. याने खाज समूळ जात नाही, पण खाजेसाठी सोबत चालू असलेल्या स्टेरॉइडचा डोस कमी करता येतो, आणि ही मोठीच गोष्ट आहे. जवसाच्या तेलात ओमेगा-३ असतं खरं, पण त्याचं ईपीएत रूपांतर करणं कुत्र्याच्या शरीराला फारसं जमत नाही. कॉड माशाच्या यकृताचं तेल टाळावं, त्यातली अ आणि ड जीवनसत्त्वं साठत जाऊन विषारी ठरू शकतात. डोस वजनानुसार पशुवैद्याकडूनच ठरवून घ्यावा.

वनौषधींमध्ये नीट चाचणी झालेली उदाहरणं फार थोडी. रेहमानिया, पिओनी आणि चिनी ज्येष्ठमध यांच्या अर्कांच्या मिश्रणाची तुलना नुसत्या दिखाऊ औषधाशी करण्यात आली, आणि काही कुत्र्यांना त्याचा माफक फायदा झाला. ज्येष्ठमधाचं यातलं काम मला फार बोलकं वाटतं. शरीर स्वतःचं कॉर्टिसॉल, म्हणजे दाह आवरणारं नैसर्गिक स्टेरॉइड, एका विकराच्या (एन्झाइमच्या) मदतीने निष्क्रिय करतं. ज्येष्ठमधातलं ग्लिसरायझिन पचनानंतर या विकराला अडवतं, म्हणजे शरीरातलंच स्टेरॉइड जास्त वेळ टिकतं. म्हणूनच ते बेताने न घेतल्यास रक्तदाब वाढतो, पोटॅशियम घटतं. नैसर्गिक आणि निरुपद्रवी हे दोन वेगळे शब्द आहेत, हे इथे स्पष्ट दिसतं.

कोरफडीचा आतला स्वच्छ गर थंडावा देतो, पण सालीखालच्या पिवळ्या चिकात ॲलोइन असतं आणि ते चाटलं की जुलाब होतात. हळदीतलं कर्क्युमिन आतड्यातून फार कमी शोषलं जातं, त्यामुळे हळद खाऊ घालून फारसं साधत नाही. खोबरेल तेल कोरड्या जागी बोटभर ठीक, पण अंगभर चोपडून ते सगळं पोटात गेलं तर हगवण, आणि नाजूक कुत्र्यात स्वादुपिंडाचा दाह. कडुनिंबातलं अझाडिरॅक्टिन कीटकांची वाढ रोखतं, ॲलर्जीची खाज नव्हे. त्याच्या बियांचं तेल पोटात गेल्याने लहान मुलांना झटके आल्याच्या नोंदी आहेत. चाटणाऱ्या कुत्र्याच्या अंगाला मी ते लावणार नाही. व्हिनेगर तर सोलवटलेल्या कातडीवर नुसती आग करतं.

टी ट्री तेलाबद्दल मात्र मला थांबून सांगायचं आहे. शुद्ध टी ट्री तेलाने विषबाधा झालेल्या कुत्र्या-मांजरांच्या अमेरिकेतल्या ४४३ प्रकरणांचा, म्हणजे २००२ ते २०१२ या काळाचा, अभ्यास प्रसिद्ध झाला आहे. लाळ गळणं, गुंगी, पाय लटपटणं, थरथर. त्यातल्या बहुतेक प्राण्यांना ते तेल मालकांनी मुद्दाम, बरं वाटावं म्हणून लावलेलं होतं. मायेनेच लावलेलं होतं, हे वाचून मला फार वाईट वाटलं. पिसवांवर म्हणून सुचवली जाणारी लसूणही नको, ती कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडते.

काय लागू पडलं हे ठरवतानाही जपायला हवं. ही खाज ऋतूंप्रमाणे चढते-उतरते, आणि आपण उपाय करतो तो ती शिगेला पोचल्यावर. मग ती आपोआप उतरली तरी श्रेय बाटलीला मिळतं. म्हणून मी रोज रात्री चिंगीच्या खाजेला ० ते १० पैकी एक आकडा देते आणि दिनदर्शिकेवर लिहिते. एका वेळी एकच गोष्ट बदलते. कानाला आंबूस वास आला, कातडी चिकट झाली, पुवाच्या पुटकुळ्या किंवा ओले चट्टे दिसले, तर यीस्ट किंवा स्टॅफिलोकॉकस जिवाणूंनी घर केलेलं असतं. तेव्हा ओट्सची वाट न पाहता पशुवैद्य गाठायचा. इंटरल्यूकिन-३१ ला अडवणारी इंजेक्शनं आज मिळतात, आणि रात्र रात्र जागणाऱ्या जनावराला ती नाकारण्यात कसलाही शुद्धपणा नाही. चिंगीला गेल्या हंगामात ते द्यावं लागलंच, आंघोळ आणि माशाचं तेल चालू ठेवून.

डाग धरलेला केस पुन्हा पांढरा होत नाही, नवा उगवतो तो पांढरा असतो. अकराव्या आठवड्यात तिचा पंजा हातात घेऊन मी बोटांमधली लव उलटी फिरवली. टोकं अजून तपकिरीच होती. मुळाशी, नखाच्या रुंदीएवढी, पांढरी रेघ दिसत होती.