बास्केटबॉल खेळल्याने उंची वाढते का?

‘मुलांना रोज बास्केटबॉल खेळवा, उंची सहा फुटांवर जाईल’ हा संदेश परभणी-लातूरकडच्या पालकांत वर्षानुवर्षे फिरतो आहे. जागतिक स्पर्धेतील राष्ट्रीय संघ दूरचित्रवाणीवर पाहिले की तो पटणे स्वाभाविकच आहे. मात्र येथे कारण आणि परिणाम यांची अदलाबदल झालेली आहे: रिंग जमिनीपासून ३.०५ मीटर उंचीवर असल्यामुळे उंच मुलांची निवड आधी होते, खेळामुळे ती उंच झालेली नसतात. १९८६ साली स्पेनमध्ये जागतिक स्पर्धा जिंकणाऱ्या अमेरिकी संघात अवघ्या १.६० मीटर उंचीचा खेळाडू होता, आणि सराव त्याचाही लहानपणापासूनचाच होता.

उंची प्रामुख्याने आनुवंशिकतेने ठरते. आहार, झोप आणि आजारपण यांचा वाटा त्याखालोखाल. हाडांच्या टोकांजवळील वाढीची कूर्चा किशोरवयाच्या अखेरीस बुजली की उड्या मारून हाड लांबत नाही.

पडताळा घरीच घेता येतो. दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने खूण करावी, वेळ मात्र एकच ठेवावी. कारण मणक्यांमधील चकत्या दिवसभरात दबत असल्याने सकाळची उंची संध्याकाळपेक्षा साधारण एक सेंटिमीटर अधिक भरते (‘महिन्यात फरक पडला’ हे अनुभव बहुधा इथलेच). वर्षभराच्या खुणा बालरोगतज्ज्ञांकडील वाढीच्या तक्त्याशी ताडून पाहाव्यात.